श्रीताडाची नोंद

लहानपणी माझ्या मनगटात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक मणी असे. सुपारीएवढा, काळपट, वापराने गुळगुळीत झालेला. दृष्ट लागू नये म्हणून आजीने बांधलेला. काय आहे म्हणून विचारले, की ती एवढेच सांगे, "बजरबट्टू तो." हा मणी म्हणजे एका माडाची बी आहे हे कळायला मला पंचविशी गाठावी लागली. तो माड आयुष्यात एकदाच फुलतो, एकदाच फळतो आणि मग मरतो, हे कळल्यापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आज तो माड कुडाळ तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात उभा आहे. वय वर्षे तीस. खोड पंधरा-सोळा फूट, आणि एकेका पानाचा पसारा जवळजवळ तेवढाच. वाटेने जाणारा माणूस थांबून वर बघतो आणि "हो खयचो माड?" असे विचारून जातो. त्याला मी श्रीताड म्हणतो. इंग्रजीत टॅलिपॉट, वनस्पतीशास्त्रात कोरिफा अम्ब्राक्युलिफेरा.

या लेखाला निमित्त घडले ते घरच्या वाटणीचे. यंदा आम्हा दोघा भावांत वडिलोपार्जित जागेची मोजणी झाली आणि श्रीताड थोरल्या भावाच्या, दादाच्या, हिश्शात गेला. दादा मुंबईला असतो. त्याला त्या जागी दोन खोल्या बांधायच्या आहेत, आणि श्रीताडाने तीस फुटांचा घेर व्यापला आहे. तो रागाने बोलला नाही. त्याने फक्त विचारले, "तू तरी याचं फूल बघणार आहेस का?" मला उत्तर देता आले नाही. मी पतसंस्थेत हिशेब लिहून निवृत्तीकडे आलेला माणूस. वनस्पतीशास्त्र शिकलेलो नाही, इतिहासही नाही. जे वाचले ते ग्रंथालयांत बसून आणि जुनी पुस्तके धुंडाळून. तेव्हा दादाला उत्तर द्यायचे, तर ते माझ्या टिपणवह्यांतूनच शोधायला हवे होते.

ताडपत्र कोणत्या ताडाचे?

'ताडपत्रावरची पोथी' म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे ताडीचा ताड येतो. दक्षिणेत आणि ओरिसात ताडाच्या पानांवर भरपूर लिहिले गेले, यात शंका नाही. परंतु ताडपत्र देणारे माड दोन आहेत, आणि जुन्या काळात मान होता तो दुसऱ्याला. 'राजनिघंटु' या वैद्यकीय कोशात ताडाहून वेगळा असा 'श्रीताल' दिला आहे. त्याची पर्यायी नावे हिशेबनिसाच्या नजरेने वाचावीत. 'मृदुच्छद' म्हणजे मऊ पानांचा. 'विशालपत्र' हे उघडच आहे. 'लेखार्ह' म्हणजे लिहिण्याजोगा. 'मसीलेख्यदल' म्हणजे ज्याच्या पानावर शाईने लिहिता येते तो. आणि शेवटी 'याम्योद्भूत', म्हणजे दक्षिण दिशेला जन्मलेला. झाडाचे रूप, उपयोग आणि गाव, तिन्ही गोष्टी कोशकाराने नावांतच नोंदवून ठेवल्या आहेत.

या नोंदीला आधुनिक पुरावा मिळाला तो १९०० साली. बॉवर हस्तलिखिताचे संपादक रुडॉल्फ हॉर्नले यांनी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात ताडपत्र, कागद आणि भूर्जपत्र यांवर एक दीर्घ टिपण प्रसिद्ध केले. त्यांनी पोथ्यांतला मजकूर बाजूला ठेवला आणि पानेच तपासली. पट्टीची रुंदी किती, पोत कसा, शिरांची ठेवण कशी. उत्तर भारतातल्या जुन्या पोथ्यांची पाने ताडाची नसून श्रीताडाची आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. श्रीताडाचे पान पातळ, लवचिक आणि रुंद. त्यावर बोरूने शाईची अक्षरे काढता येतात. ताडाचे पान जाड आणि राठ. त्यावर लोखंडी लेखणीने कोरायचे आणि मग तेलात कालवलेली काजळी चोळून अक्षर उठवायचे. दक्षिणेत श्रीताडाच्या पानावरही कोरूनच लिहीत. उत्तरेत मात्र शाईची चाल होती.

यातून एक गोष्ट उघड होते. पाटण आणि जैसलमेरच्या जैन भांडारांत अकराव्या ते चौदाव्या शतकांतल्या ताडपत्रावरच्या पोथ्या आहेत. श्रीताड हा उष्ण, दमट हवेचा माड. राजस्थानच्या वाळवंटात तो होत नाही. म्हणजे ही पाने दुरून, दक्षिणेकडून व्यापाराने येत असली पाहिजेत. पुढे कागद आला. तो जवळ मिळत होता आणि स्वस्त पडत होता. मराठीत आपण ज्या पोथ्या पाहतो त्या बहुतेक कागदावरच्या. तरीही पुस्तकाच्या पृष्ठाला आपण 'पान' म्हणतो आणि लिहून पाठवलेल्या मजकुराला 'पत्र'. झाड विसरलो, पण त्याचे नाव रोज तोंडात आहे.

आता आपल्या बाजूचा एक दुवा. सातव्या शतकात ह्युएन त्संग दक्षिणेत आला. महाराष्ट्रात शिरण्यापूर्वी तो 'कोंकणपुर' नावाच्या देशात गेला होता. त्या नगराच्या उत्तरेला, फार दूर नाही, तीस ली घेराचे ताल वृक्षांचे वन आहे, त्यांची पाने लांब, रुंद आणि तकतकीत असून भारतातल्या सगळ्या देशांत लिहिण्यासाठी ती वापरली जातात, असे तो सांगतो. हे कोंकणपुर कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी तुंगभद्रेकाठचे आनेगुंदी म्हणतात, कोणी बनवासी. मी त्या वादात पडत नाही. परंतु लांब, रुंद, तकतकीत आणि सर्व देशांत पोचणारे पान हे वर्णन साध्या ताडापेक्षा श्रीताडाला अधिक लागू पडते, असे मला वाटते. बनवासी मानले तर ते वन उत्तर कानड्यात येते, आणि माझ्या परसातल्या झाडाची बीही तिथूनच आलेली आहे. हा माझा तर्क. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

छत्री, तंबू आणि मणी

श्रीताडाच्या पानाचे दुसरे काम म्हणजे पाऊस अडवणे. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० साली कँडीच्या राजाच्या कैदेत सापडला आणि एकोणीस वर्षांनी निसटला. सिलोनविषयीचे त्याचे पुस्तक १६८१ साली लंडनमध्ये छापले गेले. त्यात तो लिहितो, की या झाडाचे एक अखंड पान पसरले तर पंधरा-वीस माणसे पावसात कोरडी राहतात. पंख्यासारखे मिटले, की ते हलके होते आणि काखेत मारून नेता येते. सैनिक ते बरोबर बाळगत आणि रात्री त्याचा तंबू करत. पुढच्याच वर्षी, १६८२ साली, ॲमस्टरडॅमला 'हॉर्टस मलाबारिकस'चा तिसरा खंड निघाला. त्याची सुरुवातच 'कोड्डा-पाना', म्हणजे छत्रीचा माड, या मल्याळी नावाने होते, आणि याच एका माडाची अनेक चित्रे एकामागून एक येतात. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या या ग्रंथाला इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी साहाय्य केले होते. नागरी लिपीतली त्यांची कोंकणी साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. लिनियसने १७५३ साली याच चित्रांच्या आधारे झाडाला शास्त्रीय नाव दिले. 'अम्ब्राक्युलिफेरा' याचा अर्थ छत्री धरणारा. मलबारातले नावच लॅटिनमध्ये गेले असे म्हणायला हरकत नाही.

पावसाळ्यात आपण ट्रकवर किंवा गवताच्या उडवीवर जी घालतो तिला मराठीत 'ताडपत्री' म्हणतात. इंग्रजी 'टार्पॉलिन' आपल्या कानाने असे ऐकले असावे. पण तो कान एवढ्या सहज ताडपत्राकडे का वळला, याचे उत्तर नॉक्सच्या त्या तंबूत असेल.

तिसरा उपयोग बियांचा. बी हस्तिदंतासारखी कठीण आणि आतून एकसंध असते. तिचे मणी होतात, बटणे होतात. लाल रंगवून पोवळे म्हणूनही ती खपवली जाई. ब्रिटिश काळातल्या व्यापारी नोंदींत या बियांना 'बजरबट्टू' असेच म्हटलेले सापडते. उत्तर कानडा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबईकडे होता, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या वनस्पतीसूचींत श्रीताड 'आपला' म्हणूनच आला आहे. माझ्या मनगटातला मणी बहुधा त्याच वाटेने आला असावा.

परसातली तीस वर्षे

१९९६च्या उन्हाळ्यात संस्थेच्या कामासाठी कुमठ्याला गेलो होतो. तिथल्या एका सुपारीच्या बागाईतदाराच्या कुंपणाशी हे झाड मी पहिल्यांदा पाहिले. ते मरत होते. पाने खाली लोंबून वाळलेली आणि शेंड्यावर फळांनी लगडलेला भलामोठा फुलोरा. खाली फळांचा सडा पडलेला. बागाईतदार म्हणाला, "न्या हवी तितकी." मी रुमालात सात बांधून आणली.

श्रीताड लावायचा असेल त्याने पहिल्यांदा हे लक्षात ठेवावे, की याचा कोंब वर येत नाही, आधी खाली जातो. बीतून नळीसारखा एक देठ निघतो आणि गर्भ स्वतःबरोबर जमिनीत खोल घेऊन जातो. रोप तिथून उगवते. मला हे ठाऊक नव्हते. चार बिया मी उथळ कुंड्यांत लावल्या. देठ तळाला टेकून वाकडे झाले आणि रोपे गेली. दोन बिया उगवल्याच नाहीत. एक परसात गोणपाटाखाली विसरून राहिली होती, तीच जगली. पुढे मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांना हेच सांगितले. हातभर खोल पिशवी घ्या किंवा थेट जागेवर लावा, आणि एकदा मूळ धरले की हलवू नका. माडाला मूळ तोडलेले सोसत नाही.

दुसरी गोष्ट धीराची. पहिली काही वर्षे नुसती पात्यासारखी पाने येतात. मग पान फाटून पंखा होतो. मग पंखा दरवर्षी मोठा होत जातो, पण खोड दिसत नाही. झाड जमिनीतच आपला बुंधा रुंद करत असते. आमच्याकडे दहाव्या वर्षापर्यंत लोकांना तो झुडूपच वाटे. तिसरी गोष्ट जागेची. देठाच्या दोन्ही कडांना काळे दात असतात, पान वाऱ्यात हलले की कौले खरवडते. घरापासून निदान पंधरा फूट सोडावे. मी दहाच सोडले. त्या चुकीची किंमत दर पावसाळ्यात कौलांवर आणि बायकोच्या बोलण्यात मोजतो.

जांभ्या दगडाच्या जमिनीत पुरुषभर खड्डा खणून पालापाचोळा भरला होता. पहिली आठ वर्षे उन्हाळ्यात पाणी घातले. त्यानंतर त्याने काही मागितले नाही.

पूर्ण वाढलेला श्रीताड पंचवीस मीटरपर्यंत जातो. तीस ते ऐंशी वर्षांच्या दरम्यान केव्हातरी तो शेंड्यातून फुलोरा काढतो, सहा ते आठ मीटर उंच. फांद्या असलेला एवढा मोठा फुलोरा वनस्पतीसृष्टीत दुसरा नाही. फुले लक्षावधी. आयुष्यभर खोडात साठवलेला सगळा पिठूळ साठा त्यात खर्च होतो. फळे पिकायला सुमारे वर्ष लागते आणि तोवर झाड संपते. शेजारचे वयस्कर काका मला अनेकदा बजावून गेले आहेत, "ह्यां झाड फुलला की घरधन्याक बरां नाय हां." मी हसून सोडून देत आलो. पण या वाक्याने एकदा किती नुकसान केले आहे ते पुढे सांगतो.

हिशेबनिसाचा बगीचा

बी.कॉम.च्या लेखापरीक्षणाच्या पुस्तकात माँटगोमेरी या नावाची एक व्याख्या आम्ही पाठ केली होती. कित्येक वर्षांनी माडांविषयी वाचताना तेच नाव पुन्हा समोर आले, आणि तो माणूस तोच निघाला. रॉबर्ट माँटगोमेरी, जन्म १८७२, अमेरिकेतल्या आघाडीच्या लेखापरीक्षकांपैकी एक. १९१२ साली त्याचा लेखापरीक्षणावरचा ग्रंथ निघाला. साठीच्या सुमारास, १९३०च्या दशकात, त्याने फ्लोरिडातल्या कोरल गेबल्स येथे आपल्या घराभोवती जगभरचे माड लावायला घेतले. साठीचा माणूस माड लावतो, म्हणजे फळाच्या आशेने लावत नाही. तो संग्रह करत होता, आणि संग्रह म्हटला की नोंद आली. याच माणसाच्या पुढाकाराने तिथे डेव्हिड फेअरचाइल्ड यांच्या नावाने उष्ण कटिबंधीय वनस्पतींचे उद्यान उभे राहिले आणि १९३८ साली लोकांसाठी खुले झाले.

माँटगोमेरी १९५३ साली वारला. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याची पत्नी नेल हिने घराभोवतीची बाग विकली नाही. १९५९ साली तिने एक न्यास स्थापन केला, आणि ती जागा आज माड आणि सायकस यांच्या संशोधनाचे केंद्र आहे. दरम्यान १९५६ साली फ्लोरिडातच डेंट स्मिथ या गृहस्थाने पाम सोसायटी सुरू केली. आपापल्या अंगणात माड लावणारे हौशी लोक आणि वनस्पतीशास्त्रज्ञ, दोघेही तिचे सभासद. त्यांच्या नियतकालिकाचे नाव पूर्वी 'प्रिन्सिपेस' होते. लिनियसने माडांना वनस्पतींतले राजपुत्र म्हटले होते, त्यावरून घेतलेले. दुर्मीळ माडांची पुष्कळ माहिती अशा अंगणांतून आलेली आहे.

परसबागेचे आयुष्य मालकाएवढे असते. मालक गेला, की जागा विकली जाते, वाटली जाते, बांधली जाते. फणस, माड, पोफळ यांना त्याने फारसा फरक पडत नाही. ती पाच-सात वर्षांत फळतात आणि मालकाच्या हयातीतच बी पुढे जाते. श्रीताडाचे तसे नाही. त्याच्या एका आयुष्यात घराचा मालक निदान एकदा तरी बदलतोच. ज्याने लावला त्याला माहीत असते, आणि ज्याच्या हयातीत तो फुलणार त्याला माहीत नसते. खरा धोका इथे आहे.

एक तोडलेला, एक राखलेला

श्रीताडाचा एक सख्खा भाऊ बंगालात होता. ताली, शास्त्रीय नाव कोरिफा तालिएरा. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचे वर्णन केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८२० साली, कोरोमंडलच्या वनस्पतींवरील त्यांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात छापून आले. तालीही एकदाच फुलणारा. रानातला म्हणून माहीत असलेला अखेरचा ताली बीरभूम जिल्ह्यात शांतिनिकेतनजवळच्या एका गावात होता. तो १९७९ साली फुलोऱ्यावर आला. गावकऱ्यांनी असे काही कधी पाहिले नव्हते. भुताचे झाड समजून त्यांनी तो बी धरण्याआधीच तोडला. ग्रंथात त्याचे नाव दीडशेहून अधिक वर्षे होते. ज्या गावात तो उभा होता त्या गावात ते पोचले नव्हते. आज जागतिक यादीत ताली 'निसर्गातून नष्ट' या सदरात आहे.

दुसरा ताली ढाक्याला होता, विद्यापीठाच्या प्र-कुलगुरूंच्या निवासाच्या आवारात. म्हणजे तसा परसातलाच. १९५०च्या दशकात एका प्राध्यापकांचे त्याच्याकडे लक्ष गेले. २००१ साली श्यामलकुमार बसू यांनी तो ताली असल्याची खात्री केली. २००८ साली तो फुलोऱ्यावर आला. या वेळी ते काय आहे, किती दुर्मीळ आहे आणि पुढे काय होणार आहे, हे लोकांना ठाऊक होते. फळे पिकू दिली गेली, बिया गोळा झाल्या, रोपे करून ठिकठिकाणी लावली गेली. झाड मेले, पण वंश राहिला.

दोन्ही झाडे एकाच जातीची, दोन्ही माणसाच्या शेजारची. १९७९च्या गावकऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. आमच्या काकांच्या तोंडचे वाक्य त्यांच्या गावातही कोणी म्हटले असेल. फरक पडला तो एवढाच, की एका झाडाच्या शेजाऱ्यांना नाव-गाव माहीत होते आणि दुसऱ्याच्या नव्हते.

तिसरे उदाहरण आमच्याच श्रीताडाचे, पण दूरच्या देशातले. ब्राझिलचा उद्यानरचनाकार रोबेर्तो बुर्ले मार्क्स याने १९६०च्या दशकात रिओ दि जानेरोच्या समुद्रकाठी फ्लामेंगो उद्यान वसवताना तिथे श्रीताड लावले. तो स्वतः १९९४ साली वारला. २०२५च्या अखेरीस त्यांतले कित्येक माड फुलले आणि लोक ते बघायला गर्दी करून आले. लावणारा जाऊन तीस वर्षे उलटली होती. पण कोणी लावले, कशासाठी लावले आणि हे फूल एकदाच येणार आहे, हे त्या शहराला माहीत होते. म्हणून कुऱ्हाड न आणता माणसे पोरांना घेऊन आली.

दादाला उत्तर

गणपतीत दादा गावी आला तेव्हा मी हे सगळे त्याला सांगितले. ओटीवर बसून त्याने शांतपणे ऐकले. ह्युएन त्संगच्या वेळी तो थोडा चुळबुळला, रिओच्या वेळी त्याने चहा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तू बघणार नाहीस."

"बहुतेक नाही," मी म्हटले. "कदाचित उद्याही फुलेल. कदाचित तुझा नातू बघेल."

"आणि माझ्या नातवाला हे कोण सांगणार? तू असशील की मी?"

प्रश्न रास्त होता. खरे म्हणजे तोच माझ्या सगळ्या टिपणांचा सारांश होता, आणि तो मी नव्हे, दादाने काढला. तीस वर्षे मी झाडाला पाणी घातले, त्याच्याविषयी वाचले, वह्या भरल्या. पण त्या वह्या माझ्या कपाटात होत्या. बीरभूमच्या तालीचे नाव ग्रंथात होते, तसेच माझ्या झाडाचे वहीत. दुसऱ्यांचे हिशेब वर्षानुवर्षे पुढच्या पानावर ओढून नेणाऱ्या मला, ही बाकी पुढे ओढायची राहिली आहे, हे सुचले नव्हते.

"लिहून दे," दादा म्हणाला. "वाटणीपत्राला जोडू. खोल्या विहिरीच्या बाजूला सरकतात का बघतो. शब्द देत नाही."

मी एक पानाचे टिपण केले. साध्या मराठीत, शास्त्रीय नाव एकदाच. झाडाचे नाव श्रीताड. लावले जून १९९६, बी कुमठ्याची. खोडाला खिळे मारू नयेत, मुळाशी सिमेंट घालू नये. शेंडा अचानक भाल्यासारखा वर निघाला आणि नवी पाने येणे थांबले तर ते फुलणे आहे, रोग नव्हे, अपशकुन नव्हे. त्या वेळी तोडू नये. सुमारे वर्षभर थांबावे. फळे आपोआप पडतील. ती शंभर तरी वेगवेगळ्या घरी, शाळेत, देवळाच्या आवारात द्यावीत, आणि प्रत्येकाला हातभर खोल पिशवी घ्यायला सांगावे. त्यानंतर झाड वाळेल, ते घरावर पडण्याआधी उतरवावे. शेवटी, ज्याला बी द्याल त्याला या टिपणाची नक्कल द्यावी.

चार प्रती काढल्या. एक वाटणीपत्राला, एक दादाच्या मुलाकडे, एक गावच्या वाचनालयात. चौथी वाचायला म्हणून शेजारचे काका घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ती परत करायला ते आले तेव्हा झाडाकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "शंभरातली एक बी माझ्या पोराच्या नावान लिवन ठेव."

मी टिपणाच्या खाली त्यांच्या मुलाचे नाव लिहिले. नव्व्याण्णव बाकी आहेत.